पावियाची मोहीम (1524–25): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर इटलीतल्या पाविया शहराभोवती, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात झालेल्या या मोहिमेचा विषय निघाला की बहुतेक जण थेट 24 फेब्रुवारी 1525च्या सकाळवर उडी मारतात. राजा कैद होतो ती सकाळ रंगतदार आहेच. पण मला आधीचे चार महिने जास्त बोलके वाटतात. त्या चार महिन्यांत दोन्ही छावण्यांत एकच रड होती, थकलेल्या पगाराची. खालची उत्तरं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

या दोघांचं भांडण नेमकं कशावरून होतं?

वरवर पाहिलं तर मिलानवरून. फ्रान्सिसची पणजी व्हॅलेंटिना ही मिलानच्या विस्कोंती घराण्यातली, म्हणून तो ती डची (ड्यूकचं राज्य) आपला वारसा समजत होता. चार्ल्सच्या दृष्टीने मिलान ही साम्राज्याची जहागीर, तिथे कोण बसणार ते सम्राट ठरवणार. उलट चार्ल्सचं मन बर्गंडीत अडकलेलं होतं. त्याचा पणजोबा चार्ल्स द बोल्ड 1477 मध्ये लढाईत पडला आणि फ्रान्सच्या राजाने बर्गंडी बळकावली, ती परत मिळालीच पाहिजे असा त्याचा हट्ट. म्हणजे दोघेही पणजीपणजोबांच्या इस्टेटीवरून भांडत होते. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

त्यात 1519 मध्ये सम्राटपदाची निवडणूक झाली. दोघेही उभे राहिले, दोघांनीही निवडणाऱ्या सात जर्मन राजेरजवाड्यांवर पैसा ओतला, आणि चार्ल्स जिंकला. त्याला सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन खर्च आला. त्यातले पाच लाखांहून जास्त आउग्सबर्गचा सावकार याकोब फुगर याने दिले. स्पेन, नेदरलँड्स, नेपल्स, ऑस्ट्रिया आणि आता सम्राटपद. फ्रान्सला चहूबाजूंनी घेरल्यासारखं वाटू लागलं ते तेव्हापासून. आणि चार्ल्सचं खातं कर्जात गेलं तेही तेव्हापासूनच.

1524 च्या आधी मिलान कोणाकडे होतं?

हातोहात फिरत होतं. 1515 मध्ये मारिन्यानोला स्विसांचा पराभव करून फ्रान्सिसने ते घेतलं, तेव्हा त्याचं वय 21. नोव्हेंबर 1521 मध्ये ते गेलं. एप्रिल 1522 मध्ये बिकोक्का इथे ते परत मिळवायचा प्रयत्न फसला. ही लढाई आमच्या पगाराच्या धाग्यासाठी महत्त्वाची आहे. फ्रेंच सेनापती लोत्रेक याला लढायचंच नव्हतं, पण त्याच्या पगार थकलेल्या स्विस सैनिकांनी बजावलं की पैसे द्या, रजा द्या, नाहीतर लढाई द्या. त्याने लढाई दिली. खंदकामागे बसलेल्या बंदूकच्यांनी सुमारे 3,000 स्विस लोळवले.

1523 मध्ये आणखी एक फ्रेंच फौज राजाचा मित्र बॉनिव्हे याच्या हाताखाली उतरली आणि हात हलवत परत आली. त्या माघारीत, 30 एप्रिल 1524 रोजी, बेयार हा फ्रान्सचा आदर्श मानला जाणारा सरदार बंदुकीच्या गोळीने मेला.

बूर्बाँचा ड्यूक फितूर का झाला?

शार्ल दे बूर्बाँ फ्रान्सचा काँस्टेबल होता, म्हणजे राजाच्या खालोखाल सैन्याचा प्रमुख. 1521 मध्ये त्याची बायको सुझान वारली. तिच्या जमिनींवर खुद्द राजमातेने, लुईझ दे साव्हॉयने, हक्क सांगितला, आणि राजानेही त्यात हात धुऊन घेतले. प्रकरण न्यायालयात गेलं, पण निकाल लागण्याची वाट न पाहता जप्ती सुरू झाली. 1523 मध्ये बूर्बाँ पळून सम्राटाला मिळाला. फ्रेंच इतिहासात त्याच्या कपाळी द्रोहाचा शिक्का आहे. माझ्या मते त्याला त्या वाटेला लावणाऱ्यांची नावंही त्याच पानावर लिहायला हवीत.

मार्सेयचा वेढा हा याच मोहिमेचा भाग का?

हो, सुरुवात तिथूनच. जुलै 1524 मध्ये बूर्बाँ आणि सम्राटाचा सेनानी, पेस्काराचा मार्किस फेर्नांदो दाव्हालोस (पुढे नुसता पेस्कारा), दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये घुसले. बूर्बाँला खात्री होती की आपण दिसताच फ्रेंच सरदार राजाविरुद्ध उठतील. कोणी उठलं नाही. मार्सेय शहर ऑगस्ट-सप्टेंबरभर टिकलं, सम्राटाकडून पैसा आला नाही, आणि महिनाअखेरीस वेढा उठवून फौज किनाऱ्याने इटलीकडे पळाली.

फ्रान्सिसने तो क्षण पकडला. हिवाळा तोंडावर असताना तो तीस हजारांच्या घरातली फौज घेऊन आल्प्स ओलांडून गेला आणि 26 ऑक्टोबरला मिलानमध्ये शिरला. शहरात प्लेगची साथ होती. शाही फौज, म्हणजे सम्राटाची, किल्ल्यात थोडी शिबंदी ठेवून लोदी या गावाकडे सरकली होती.

मग त्याने पळणाऱ्या फौजेचा पाठलाग का केला नाही? पावियाच का निवडलं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि रास्तच आहे. लोदीला पोचलेली शाही फौज थकलेली, अर्धी अनवाणी, विस्कळीत होती. दोन दिवस नेटाने पाठलाग झाला असता तर कदाचित युद्ध तिथेच आटोपलं असतं. पण पाठीमागे पाविया होतं. तिचिनो नदीवरचं तटबंदीचं शहर, आत सुमारे 9,000 माणसं, बरेचसे जर्मन भाडोत्री, आणि वर अंतोनियो दे लेव्हासारखा मुरलेला स्पॅनिश सेनानी. एवढी शिबंदी पिछाडीला सोडून पुढे जाणं धोक्याचं होतं हे खरं. बॉनिव्हेने वेढ्याच्या बाजूने कौल दिला, जुन्याजाणत्यांना तो पटला नव्हता. राजाने बॉनिव्हेचं ऐकलं. राजे बहुधा मित्राचंच ऐकतात.

वेढा चार महिने का रेंगाळला?

28 ऑक्टोबरच्या सुमारास शहराभोवती मोर्चे बसले. तोफांनी तटाला भगदाडं पाडली आणि नोव्हेंबरमध्ये हल्ले चढवले. पण दे लेव्हाने भगदाडांच्या आत नवे खंदक आणि मातीचे बांध तयार ठेवले होते, फ्रेंच तुकड्या आत शिरल्या की तिथे अडकून भाजून निघत. मग कोणीतरी तिचिनोचा प्रवाहच वळवायची कल्पना काढली. नदीकडची बाजू तटाने तितकी मजबूत नव्हती, पाणी हटलं की तिथून शिरता येईल. बांध घातले, पाऊस आला, बांध वाहून गेले. त्यानंतर उरला एकच उपाय, उपाशी मारणे.

आतल्या लोकांचे हाल झाले, घोडी आणि गाढवं कापून खाल्ली. पण दे लेव्हाला भुकेपेक्षा पगाराची जास्त धास्ती होती. त्याचे जर्मन सैनिक पैशांशिवाय दरवाजे उघडून देतील ही भीती खरी होती. त्याने चर्चमधली सोन्याचांदीची भांडी वितळवून नाणी पाडली. वेढ्यातली ही ओबडधोबड नाणी, 1524 साल कोरलेली, आजही संग्राहकांकडे सापडतात.

बाहेर फ्रेंच छावणी मात्र शहरच झाली होती. पावियाच्या उत्तरेला विस्कोंती ड्यूकांचं शिकारीचं भलंमोठं कुरण होतं, चारी बाजूंनी विटांची भिंत घातलेलं. मधे मिराबेल्लोची शिकारगढी. कुरणात सरदारांचे तंबू, व्यापारी, नोकरचाकर, बायका, सगळा बाजारबुणगा. भिंत आहे म्हणजे पाठ सुरक्षित, असा सगळ्यांचा समज होता.

ऐन वेढ्यात राजाने नेपल्सकडे फौज का पाठवली?

चार्ल्सचं नेपल्स ओस पडलंय, तिकडे धडक दिली की शाही फौज लोंबार्डी सोडून दक्षिणेला धावेल, असा हिशेब होता. नवे पोप सातवे क्लेमेंट डिसेंबरमध्ये गुपचूप फ्रान्सच्या बाजूला आले, त्यामुळे वाटही मोकळी झाली. अल्बनीचा ड्यूक जॉन स्टुअर्ट हजारो माणसं घेऊन निघाला. नेपल्सचा व्हाइसरॉय शार्ल दे लान्वा क्षणभर डळमळला, पण पेस्काराने त्याला थोपवलं: नेपल्सचा निकाल इथेच लागेल. तसंच झालं. अल्बनीची माणसं लढाईच्या दिवशी रोमच्या आसपास होती, म्हणजे कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

शाही फौजेत होतं कोण?

पेस्काराचे स्पॅनिश बंदूकची आणि भालाईत, इटालियन तुकड्या, लान्वाचं घोडदळ, बूर्बाँने आणलेली माणसं, आणि गेओर्ग फॉन फ्रुन्ड्सबर्गचे लांड्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळ. फ्रुन्ड्सबर्गचा मुलगा कास्पार पावियात वेढ्यात अडकला होता, त्यामुळे त्याला पगाराखेरीजही निकड होती. 24 जानेवारीला ही फौज लोदीहून निघाली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पावियाच्या पूर्वेला, व्हेर्नाव्होला ओढ्याच्या पलीकडे येऊन बसली. तीन आठवडे दोन्ही फौजा एकमेकींकडे बघत राहिल्या.

वाट पाहणं फ्रेंचांच्या फायद्याचं होतं. लान्वाकडे पैसे नव्हते, धान्य नव्हतं. पेस्काराने आपल्या स्पॅनिशांना विनापगार थांबायला राजी केलं, जर्मनांना थोडक्यावर टिकवून धरलं. पण महिनाअखेर फौज विरघळणार हे सगळ्यांना कळत होतं. लढाई झाली ती या घाईमुळे. जिंकणाऱ्या बाजूची ती अगतिकता होती, आणि विजयकवनांत ती गोष्ट कोणी लिहिली नाही.

लढाईआधीच फ्रेंच फौज गळत होती, हे खरं का?

खरं. कियावेन्नाचा किल्ला सम्राटाच्या बाजूच्या एका धाडसी मिलानी सरदाराने बळकावला, त्यामुळे घर धोक्यात आलं म्हणून फ्रेंचांच्या पदरी असलेल्या, आल्प्समधल्या ग्रिसन्सच्या खोऱ्यांतल्या हजारो सैनिकांना परत बोलावणं आलं. राजाने विनवण्या केल्या, ते निघून गेले. त्याच आठवड्यात जोव्हान्नी दे मेदिची हा तडफदार इटालियन सेनानी पायात गोळी लागून जायबंदी झाला आणि त्याची पथकं पांगली. शेवटी दोन्ही बाजू वीस हजारांच्या आगेमागे, जवळपास तुल्यबळ झाल्या.

23 फेब्रुवारीच्या रात्री काय घडलं?

शाही तोफा नेहमीसारख्या गडगडत राहिल्या, तळावर गजबज चालू ठेवली, आणि अंधारात मुख्य फौज उत्तरेकडे सरकली. अंधारात आपला-परका ओळखू यावा म्हणून प्रत्येकाने चिलखतावर पांढरा सदरा चढवला होता, ज्यांच्याकडे सदरा नव्हता त्यांनी कागद लावले. कुरणाच्या भिंतीशी पोचल्यावर बेलदारांनी पहारी आणि ओंडक्यांनी भिंत फोडायला घेतली. सुरुंग लावला असता तर आवाज झाला असता. विटा चिवट निघाल्या. मध्यरात्रीच्या सुमारास आत शिरायचं ठरलं होतं, भगदाडं पुरेशी रुंद होईपर्यंत उजाडायला आलं. म्हणजे अचानक छाप्याची सगळी योजना तिथेच कोलमडली होती.

वाचवलं धुक्याने. पेस्काराचा नातलग देल व्हास्तो सुमारे 3,000 माणसं घेऊन मिराबेल्लोच्या गढीवर तुटून पडला आणि छावणीतल्या बाजारबुणग्यांची दाणादाण उडाली. मागून येणाऱ्या शाही तुकड्यांवर फ्रेंच तोफा चालू झाल्या. त्या तोफखान्याचा प्रमुख गालियो दे जनुयाक निष्णात होता आणि त्याचे गोळे रांगांमध्ये नेमके पडत होते. शाही फौज अजून कुरणभर विखुरलेली होती. इथे फ्रान्सिसने स्वस्थ बसून तोफांना काम करू दिलं असतं तरी चाललं असतं.

त्याने निवडक चिलखती घोडदळ घेऊन हल्ला चढवला. लान्वाचे स्वार उधळले गेले, सांतांजेलोचा मार्किस फेर्रांते कास्त्रियोता तिथेच पडला, आणि राजाला वाटलं की आता आपण खरे मिलानचे ड्यूक झालो. पण आपल्याच तोफांच्या माऱ्यासमोर तो येऊन उभा होता, त्यामुळे तोफा थांबल्या. त्याचं पायदळ मागे राहिलं होतं. पेस्काराने झाडीझुडपांच्या आडोशाने बंदूकची पुढे सोडले. जड चिलखतातले सरदार ओल्या जमिनीवर, झाडांच्या मधे, एकेक करून टिपले गेले.

बाकीचं झपाट्याने झालं. फ्रान्सिसच्या पदरी असलेल्या जर्मनांच्या काळ्या पथकाला फ्रुन्ड्सबर्गच्या लांड्सक्नेख्टांनी दोन्ही बाजूंनी चेपलं. शाही जर्मनांच्या लेखी ते देशबंधू असूनही सम्राटाविरुद्ध लढणारे गद्दार, म्हणून कोणालाही अभय नव्हतं. स्विस उशिरा आले आणि लवकर फुटले. दे लेव्हाने शहरातून बाहेर पडून पिछाडी कापली. आलाँसाँचा ड्यूक राखीव तुकड्या घेऊन पूल ओलांडून निघून गेला. राजाचा मेहुणा असलेला हा गृहस्थ दोन महिन्यांत लियाँला वारला. उजाडल्यापासून दोन-एक तासांत सगळं संपलं होतं.

बंदुकीने सरंजामी घोडदळाचा शेवट केला, असं म्हणतात. बरोबर का?

अर्धं बरोबर. बंदूकच्यांनी त्या सकाळी फ्रेंच सरदार मारले यात शंका नाही. पण उघड्या मैदानात, तोफांच्या पाठिंब्यासह तेच घोडदळ आलं असतं तर तोड्याच्या बंदुका भरत बसलेल्या माणसांचं काय झालं असतं हे सांगायला नको. जागा, धुकं, मागे राहिलेलं पायदळ आणि राजाची उतावीळ हे सगळं जुळून आलं. चिलखती घोडदळ त्यानंतरही कित्येक दशकं युरोपात लढत राहिलं.

राजाला पकडलं कोणी?

घोडा मेला, राजा खाली आला, आणि भोवती गर्दी जमली. हुआन दे उर्बिएता, दिएगो दाविला, आलोन्सो पिता दा व्हेइगा, अशी दावेदारांची रांगच आहे. राजाला पकडल्याचं बक्षीस केवढं मिळणार याची प्रत्येकाला कल्पना होती. तलवार त्याने अखेर लान्वाच्या हाती दिली.

‘अब्रूखेरीज सगळं गेलं’ असं तो खरंच म्हणाला का?

आईला लिहिलेल्या पत्रात मजकूर जरा वेगळा आहे. सगळ्यातून माझ्याजवळ उरली ती फक्त अब्रू, आणि जीव, जो वाचला आहे, अशा अर्थाचा. पुढच्यांनी त्यातला जीव गाळला. वाक्य त्यामुळे बाणेदार झालं, पण पत्र लिहिणारा माणूस जीव वाचल्याचंही कळवत होता, आणि आईला तेच आधी वाचायचं असणार.

किती माणसं मेली?

फ्रेंचांची आठ-दहा हजारांच्या घरात धरतात, त्यात तिचिनोत बुडालेले बरेच. शाही बाजूची हजाराच्या आसपास. फ्रेंच सरदारांची एक अख्खी पिढी गेली: ला त्रेमुय, ला पालीस, खुद्द बॉनिव्हे. इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा यॉर्क घराण्याचा रिचर्ड दे ला पोलही तिथेच पडला. ती बातमी ऐकून आठवा हेन्री हरखून गेला होता.

एवढा विजय मिळूनही चार्ल्सने फ्रान्स का जिंकला नाही?

खिसा रिकामा होता. लढाईचा दिवस हा त्याचा पंचविसावा वाढदिवस, बातमी माद्रिदला मार्चमध्ये पोचली. त्याने प्रार्थना केली आणि जल्लोष होऊ दिला नाही. हेन्रीने लगेच फ्रान्स वाटून घ्यायचा प्रस्ताव धाडला. पण हेन्रीलाही स्वारीसाठी पैसे हवे होते. त्यासाठी लोकांवर लादलेल्या ‘प्रेमाच्या’ वर्गणीने पूर्व इंग्लंडमध्ये विणकर रस्त्यावर उतरले आणि ती मागे घ्यावी लागली. चार्ल्सची विजयी फौज तर थकलेल्या पगारासाठी लान्वाच्याच मागे लागली होती.

राजाला आधी पिझ्झिगेत्तोनेच्या किल्ल्यात ठेवलं. मग लान्वाने बूर्बाँ आणि पेस्काराला न विचारता त्याला थेट स्पेनला नेलं. दोघेही भडकले, कारण सगळ्यांत किमती ऐवज हातचा गेला होता.

माद्रिदच्या तहात काय ठरलं, आणि तो पाळला का?

14 जानेवारी 1526 रोजी फ्रान्सिसने सही केली: बर्गंडी द्यायची, इटलीवरचा हक्क सोडायचा, चार्ल्सची बहीण एलेओनोर हिच्याशी लग्न करायचं, आणि हमी म्हणून थोरली दोन मुलं ओलीस ठेवायची. आदल्या दिवशीच त्याने आपल्या माणसांसमोर गुपचूप नोंदवलं होतं की ही सही जबरदस्तीची आहे. मार्चमध्ये बिदासोआ नदीवर बाप इकडे आणि मुलं तिकडे अशी अदलाबदल झाली. फ्रान्सला पाय लागताच तह मोडला. मे महिन्यात पोप, व्हेनिस वगैरेंसोबत चार्ल्सविरुद्ध नवी आघाडी उभी राहिली. चार्ल्स इतका चिडला की 1528 मध्ये त्याने फ्रान्सिसला द्वंद्वाचं आव्हान दिलं. ते काही झालं नाही.

ओलीस मुलांचं काय झालं?

एक आठ वर्षांचा, दुसरा सात पुरी व्हायचा. बापाने शब्द मोडल्यावर त्यांचे फ्रेंच नोकर काढून घेतले, आणि त्यांना कॅस्टिलच्या किल्ल्यांतून फिरवत ठेवलं. 1529 मध्ये भेटायला गेलेल्या फ्रेंच माणसाशी थोरल्याला फ्रेंचमध्ये बोलता येईना. त्या वर्षी राजमाता लुईझ आणि चार्ल्सची आत्या मार्गारेट या दोघींनी कांब्रेला बसून तह जुळवला. बर्गंडी फ्रान्सकडे राहिली, बदल्यात वीस लाख सोन्याच्या एक्यूंची खंडणी. नाणी मोजून, कस लावून घेण्यातच महिने गेले. हिणकस निघालेली नाणी स्पॅनिशांनी परत केली. मुलं सुटली 1 जुलै 1530 रोजी. धाकटा पुढे दुसरा हेन्री म्हणून गादीवर आला, आणि चार्ल्सबद्दलचा त्याचा राग आयुष्यभर विझला नाही.

या सगळ्याचा हिंदुस्थानशी काही संबंध?

आडून आहे. पैशाच्या ओढीतच चार्ल्सने इंग्लंडच्या बाल राजकन्येशी ठरलेला विवाह मोडला आणि मार्च 1526 मध्ये सेव्हिलला पोर्तुगालच्या इसाबेलशी लग्न केलं. हुंडा ठरला 9 लाख दोब्रा. त्या काळी पोर्तुगालच्या तिजोरीचा मोठा आधार होता तो मलबारहून जाणारी मिरी आणि मसाले, आणि त्या व्यापारामागे उभं असलेलं गोव्याचं ठाणं. लोंबार्डीतल्या कर्जाची थोडी फेड आपल्या किनाऱ्यावरून गेली म्हणायला हरकत नाही.

फ्रान्सने तुर्कांना हाक मारली, ती याच वेळी का?

हो. राजा कैदेत असताना राजमातेने सुलतान सुलेमानकडे वकील धाडला. पहिला बॉस्नियात मारला गेला, दुसरा 1525च्या अखेरीस पोचला. ऑगस्ट 1526 मध्ये मोहाचला हंगेरीचा राजा लायोश, चार्ल्सचा मेहुणा, मारला गेला. सुलेमान हंगेरीवर फ्रेंचांच्या सांगण्यावरूनच गेला असं मात्र समजू नका, त्याची स्वतःची कारणं पुरेशी होती.

आणि पगार न मिळालेल्या त्या फौजेचं काय झालं?

तीच फौज, त्यात जर्मनीतून आलेली नवी भर, बूर्बाँच्या हाताखाली 6 मे 1527 रोजी रोमवर चालून गेली. बूर्बाँ तटावर चढताना गोळी लागून मेला. सेनापती नाही, पगार नाही, समोर युरोपातलं श्रीमंत शहर. कित्येक दिवस लूट चालली आणि पोप सांतांजेलोच्या किल्ल्यात कोंडले गेले. फ्रुन्ड्सबर्ग तिथे नव्हता. मार्च महिन्यात पगारासाठी बंडावर आलेल्या आपल्याच सैनिकांची समजूत घालताना त्याला झटका आला होता.

आज काही पाहायला मिळतं का?

पावियाच्या उत्तरेला मिराबेल्लोची गढी थोडीफार उरली आहे आणि जवळच चेर्तोझा हा देखणा मठ आहे. फ्रान्सिसची म्हणून जपलेली तलवार माद्रिदहून 1808 मध्ये फ्रेंचांनी परत पॅरिसला नेली. पण वेळ आणि पैसा एकाच जागेसाठी असेल तर नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात जा. बर्नार्ट फान ऑर्लेच्या चित्रांवरून ब्रसेल्समध्ये विणलेले या लढाईचे सात प्रचंड पडदे तिथे आहेत. 1531 मध्ये नेदरलँड्सच्या प्रतिनिधींनी ते चार्ल्सला भेट दिले. राजाच्या कैदेचा पडदा सगळे पाहतात. तुम्ही छावणी सोडून पळणाऱ्या बायका-नोकरांचा पडदाही सावकाश पाहा.